दीर्घायुष्य आणि सूचना क्रमांक सात

निरीक्षकसाहेबांना शंभर वर्षं जगायचंच होतं असं नाही. पण आपण जगणार आहोत हे कुणीतरी लेखी, सहीशिक्क्यानिशी द्यावं, एवढी त्यांची माफक अपेक्षा होती. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचा शिक्क्याशिवाय कशावरच विश्वास बसत नाही. शिक्का नसलेला काटा त्यांच्या लेखी काटा नव्हेच, नुसतं लोखंड. बिनशिक्क्याच्या आयुष्याबद्दलही त्यांचं साधारण हेच मत होतं.

झालं असं, की एका रविवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक लेख आला. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागानं स्वभाव आणि आयुष्य यांचा मोठा अभ्यास काढला होता आणि त्यासाठी नागरिकांकडून अर्ज मागवले होते. माणसांचे गट चार: शिस्तशीर, मनमौजी, काळजीखोर आणि भांडखोर. शिस्तशीर माणसं सरासरीनं जास्त जगतात, औषधं वेळेवर घेतात, एक नोकरी धरून ठेवतात आणि त्यांची लग्नंही टिकतात, असं त्यात छापलं होतं. मनमौजी माणसं बोलायला गोड, मित्रांची लाडकी, पण ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता लवकर आटोपतात.

साहेबांनी हा लेख तीनदा वाचला. पहिल्यांदा मनात, दुसऱ्यांदा मोठ्यानं आणि तिसऱ्यांदा मेव्हण्याकडे बघून.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धंद्यानं फोटोग्राफर, म्हणजे दिवसभर लोकांना ‘जरा हसा’ म्हणायचं आणि त्याबद्दल स्वतःच आधी हसायचं. मंगळवारी येतो म्हणून गुरुवारी यायचा, येताना एकाची छत्री आणायचा आणि जाताना दुसऱ्याची न्यायचा. “दाजी, हसणारा माणूस जास्त जगतो, शिस्तीनं कुणी जगलंय का?” हे त्याचं पंधरा वर्षांचं पालुपद होतं. साहेबांकडे त्याला उत्तर नव्हतं असं नाही, पण छापील उत्तर नव्हतं. ते आज मिळालं होतं.

“मी अर्ज करणार आहे,” साहेबांनी जाहीर केलं. “आणि शिस्तशीर गटात नोंद झाली की ते पत्र फ्रेम करून याच भिंतीवर लावणार.”

“लावा की,” मेव्हणा म्हणाला. “खिळा सरळ ठोका म्हणजे झालं.”

संध्याकाळपर्यंत इमारतीच्या चारही मजल्यांना ही बातमी कळली, कारण साहेबांनीच ती नोटीस बोर्डावर लावली होती. आता आपल्या लोकांना सल्ला द्यायला कारण लागत नाही. इथं तर आयतं मिळालं. समोरच्या दारातले निवृत्त हेडमास्तर म्हणाले की दीर्घायुष्याचं मूळ डाव्या कुशीवर झोपण्यात आहे. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, की तीस वर्षांत त्यानं शेकडो माणसं मापली, त्यातली ज्यांची कंबर चाळिशीनंतर वाढली नाही तेवढीच टिकली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल ओरडून सांगितलं. साहेबांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं, की हा प्रश्न पाण्याचा नसून चारित्र्याचा आहे.

आठवड्याभरात विद्यापीठातून जाड पाकीट आलं. आत एक अर्ज स्वतः भरायचा आणि पाच अर्ज ओळखीच्या माणसांनी भरायचे. एक घरातला, एक नात्यातला, एक शेजारचा, एक कामाच्या ठिकाणचा आणि एक व्यवहारातला. म्हणजे माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा लोक त्याच्याबद्दल काय सांगतात यावरून त्याचं आयुष्य जास्त नेमकं कळतं, असा त्या मंडळींचा अनुभव होता. प्रत्येक अर्जात चाळीस विधानं. ‘वस्तू जागच्या जागी ठेवतो.’ ‘दिलेली वेळ पाळतो.’ ‘चटकन रागावतो.’ ‘हाती घेतलेलं काम अर्धवट सोडतो.’ प्रत्येकापुढे एक ते पाचमधला एक आकडा लिहायचा. प्रत्येकानं आपला अर्ज आपणच भरून, पाकीट बंद करून, जोडावर सही करायची. प्रत्येक अर्जासोबत सूचनांचं एक पान.

आता इथं साहेबांची खरी योग्यता दिसते. दुसरा कुणी असता तर त्यानं सूचना वाचल्या असत्या. साहेबांनी त्या तपासल्या. लाल शाई आणि पट्टी घेऊन ते बसले आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी डावा समास उजव्यापेक्षा दीड मिलिमीटरनं कमी असल्याचं पकडलं. तिसऱ्या सूचनेला पूर्णविराम नव्हता. आणि सात नंबरची सूचना चक्क दोनदा छापली होती. एक सात ‘प्रत्येक विधानापुढे’ असा सुरू होत होता, आणि त्याच्याखालचा दुसरा सातही ‘प्रत्येक विधानापुढे’ असाच सुरू होत होता. साहेबांना इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. त्यांनी दुसऱ्या सातावर पट्टी ठेवून आडवी लाल रेघ मारली, समासात ‘द्विरुक्ती’ असं लिहिलं, तारीख टाकली आणि सही केली. मग या दुरुस्त पानाच्या पाच झेरॉक्स काढून त्या पाच अर्जांना लावल्या, म्हणजे लोकांचा घोटाळा व्हायला नको. मूळ छापील पानं त्यांनी ‘सदोष’ असं लिहिलेल्या पाकिटात घातली.

घोडं अडलं ते पुढे. माणसं अर्ज भरेनात.

शिंपी म्हणाला, “साहेब, तुमची छाती विचारा, खांदा विचारा, बाहीची लांबी विचारा. स्वभावाचं माप मी कधी घेतलेलं नाही.” खात्यातली कारकूनबाई बारा वर्षं साहेबांच्या हाताखाली होती. तिनं अर्ज घेतला, पहिलं विधान वाचलं आणि ‘साहेब, आधी मंजुरी आणता का?’ असं विचारलं. हेडमास्तरांनी मात्र उत्साहानं भरायला घेतला आणि सगळीकडे तीन लिहू लागले.

“तीन?” साहेबांचा आवाज चढला. “वेळ पाळण्यात तीन? गेली अकरा वर्षं तुम्ही माझ्या दाराच्या आवाजावर घड्याळ लावता.”

“म्हणूनच तीन दिले. पाचपैकी पाच मी माझ्या मुलालाही दिले नाहीत,” हेडमास्तर म्हणाले. “फार तर साडेतीन करतो.”

असा सैल कारभार साहेबांना मानवणारा नव्हता. त्यांच्या खात्यात मखमली पेटीत प्रमाण वजनं असतात. बाजारातलं प्रत्येक वजन त्यांच्याशी ताडून बघायचं आणि कमीजास्त निघालं तर दुरुस्त करायचं, असा नियम. माणसांच्या मतांनाही असंच एखादं प्रमाण असायला काय हरकत आहे, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी रीतसर एक कागद तयार केला. वर ‘मार्गदर्शनार्थ नमुना’ असं ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली चाळीस विधानांपुढे चाळीस योग्य आकडे. जे गुण त्यांच्यात पुरेपूर होते तिथं पाच, आणि जे अवगुण त्यांच्यात औषधालाही नव्हते तिथं एक. नम्रतेच्या विधानापुढेही पाच होते.

“दाजी, ही तर सरळसरळ कॉपी झाली,” मेव्हणा म्हणाला.

“कॉपी नव्हे. प्रमाणीकरण.”

मेव्हण्यानं हसत हसत सगळे आकडे उतरवले. शिंप्यानं खडूऐवजी पेन धरायची सवय नसल्यामुळे जरा वेळ लावून, पण बिनचूक उतरवले. कारकूनबाईनं नमुना हाच वरिष्ठांचा आदेश मानून त्याच्याखाली ‘पाहिले’ म्हणून आद्याक्षरं केली आणि मग आकडे उतरवले. हेडमास्तर मात्र शेवटपर्यंत कुरकुरत राहिले. सबंध आयुष्यात परीक्षा घेतलेला माणूस कॉपी करताना किती घामाघूम होतो, ते साहेबांनी त्या दिवशी पाहिलं. पाचवा अर्ज बायकोचा. इमारतीत त्यांना निरीक्षकीणबाई म्हणत. त्यांनी नमुना घेतला, ‘ठेवते’ म्हणाल्या आणि डब्याखाली ठेवला. दुपारी कामं आटोपल्यावर त्यांनी आपला अर्ज भरला आणि पाकीट बंद करून टाकलं. साहेबांनी पाकीट उजेडात धरून पाहिलं, पण कागद जाड होता.

राहिला फोटो. तो मेव्हण्याच्याच स्टुडिओत काढायचा ठरला, आणि तिथंच चूक झाली. साहेब ताठ बसले, चेहऱ्यावर शंभर वर्षांचं गांभीर्य आणलं, आणि नेमकं त्याच क्षणी त्यांना दिसलं की कॅमेऱ्याचा स्टँड एका पायानं आखूड आहे. “अरे, स्टँड वाकडा आहे,” असं ते ओरडले आणि मेव्हण्यानं बटण दाबलं. फोटो असा आला, की साहेब तोंड उघडून, डोकं मागे टाकून, जगातल्या सगळ्यात मोठ्या विनोदावर खदखदून हसत आहेत. दुसरा काढायला वेळ नव्हता, कारण मुदत उद्याची होती.

दुसऱ्या दिवशी साहेब सहा पाकिटं एका मोठ्या पाकिटात घालून पोस्टात गेले. काउंटरवरच्या माणसानं पाकीट काट्यावर टाकलं आणि दोनशे चौदा ग्रॅम असं सांगितलं. साहेबांनी ते सकाळी खात्याच्या काट्यावर तोललं होतं, दोनशे नऊ. आता पाच ग्रॅम म्हणजे सामान्य माणसाच्या दृष्टीनं काहीच नाही. पण साहेब सामान्य नव्हते. त्यांनी काट्याचं पडताळणी प्रमाणपत्र मागितलं. ते तीन वर्षांपूर्वीचं निघालं. मग त्यांनी पंचनामा करायला घेतला. मागच्या रांगेतल्या माणसांनी आधी खोकून, मग बोलून आणि शेवटी ओरडून आपलं मत मांडलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “मी या रांगेत तरुणपणी उभा राहिलो होतो.” पंचनामा पूर्ण झाला तेव्हा टपाल निघून गेलं होतं आणि काटा सील झालेला असल्यामुळे त्या पोस्टात त्या दिवशी कुणाचंच पाकीट तोललं गेलं नाही. साहेबांना कर्तव्य केल्याचं समाधान मिळालं. पाकीट मात्र त्यांना बस बदलत विद्यापीठात स्वतः नेऊन द्यावं लागलं. तिथल्या खिडकीवरच्या माणसानं ते घेतलं, कारण पाचला दोन मिनिटं होती आणि वाद घातला असता तर सहा वाजले असते.

मग सहा आठवडे शांततेत गेले. साहेबांनी फ्रेम आणून ठेवली.

पत्र आलं तेव्हा हेडमास्तर, शिंपी आणि मेव्हणा तिघेही घरात होते, म्हणजे साहेबांनीच बोलावून घेतले होते. त्यांनी पाकीट कात्रीनं सरळ रेषेत कापलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “महोदय, आपली नोंद मनमौजी गटात...” इथं ते थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. पुढे लिहिलं होतं, की आपण स्वतः आणि आपल्या पाचपैकी चार परिचितांनी दिलेली उत्तरं चाळीसच्या चाळीस ठिकाणी जुळतात, असं एकमत या अभ्यासात आजवर आढळलेलं नाही. वस्तू कुठेही टाकणं, वेळ न पाळणं, कामं अर्धवट सोडणं या बाबतीत आपला आकडा सर्वांत वरचा आहे. सोबतच्या छायाचित्रावरूनही आपला मोकळाढाकळा स्वभाव दिसून येतो. इतक्या शुद्ध मनमौजी व्यक्तीस प्रत्यक्ष भेटून तिची वीस वर्षांच्या विशेष पाहणीसाठी निवड करण्याचा विभागाचा विचार असून, येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या प्रमुख संशोधक घरी येतील.

मेव्हणा खुर्चीवरून खाली बसला. हसून हसून त्याला खुर्ची पुरेना.

साहेब हसले नाहीत, आणि यात त्यांचा ताठा नव्हता. त्यांचे वडील मनमौजी होते. सगळा गाव त्यांच्यावर जीव टाकायचा. चष्मा माळ्यावर, चाव्या कुणाच्या तरी घरी, डॉक्टरकडे जायचं ते पुढच्या आठवड्यात. असं करता करता ते अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. तेव्हा साहेब एकवीस वर्षांचे होते, आणि वडिलांचे कागद शोधण्यात त्यांचा सबंध महिना गेला होता. त्या महिन्यात त्यांनी ठरवलं की आपल्या घरातली एकही वस्तू शोधावी लागता कामा नये. वडिलांवर त्यांचं फार प्रेम होतं, म्हणूनच त्यांच्यासारखं व्हायचं नव्हतं. साहेबांना आता सत्तावन्न पूर्ण झाली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षाची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती ते दीर्घायुष्याच्या फ्रेमनं झाकायला निघाले होते.

म्हणून त्यांनी जोरात हल्ला चढवला. विद्यापीठानं बेरीज चुकवली, आकडे उलटे भरले, दुसऱ्याच कुणाचा अर्ज त्यांच्या नावावर घातला, अशी बारा मुद्द्यांची तक्रार त्यांनी लिहिली. तिची एक प्रत नोटीस बोर्डावर लावली, मथळा: ‘विद्यापीठाच्या मापात खोट.’ लोक थांबून थांबून वाचू लागले. हेडमास्तर म्हणाले की शिक्षणाचा दर्जाच घसरलाय. शिंपी म्हणाला, की माप घेणाऱ्याचं लक्ष नसलं की पँटचा सदरा होतो. सगळी इमारत साहेबांच्या बाजूनं उभी राहिली, आणि साहेबांना जरा बरं वाटलं.

शनिवारी दुपारी तक्रारीला पुरावा म्हणून जोडायला त्यांनी सूचनांचं आपलं लाल शाईचं पान बाहेर काढलं. तेरावा मुद्दा लिहायचा होता: ‘सूचना सात दोनदा छापण्याइतका निष्काळजीपणा.’ दाखला म्हणून दोन्ही सात शब्दशः उतरवून घ्यावेत, म्हणून त्यांनी वाचायला घेतले. पहिला सात: ‘प्रत्येक विधानापुढे एक ते पाच यांपैकी एकच आकडा लिहावा.’ मग रेघेखालचा दुसरा सात: ‘प्रत्येक विधानापुढे लिहिलेल्या आकड्याचा अर्थ असा: एक म्हणजे अगदी खरे, पाच म्हणजे अजिबात खरे नाही.’

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

छापणाऱ्यानं आठच्या जागी सात टाकला होता, एवढीच विद्यापीठाची चूक. बाकी सगळी त्यांची स्वतःची. एकतीस वर्षं दुकानदारांना ते एकच गोष्ट सांगत आले होते: तोलायच्या आधी काटा कुठून सुरू होतो ते बघा. आणि स्वतःला तोलायच्या वेळी त्यांनी नेमकं तेच पाहिलं नव्हतं; उलट ते खोडून, सही करून, चार जणांना उलटं तोलायला लावलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. इथं साहेबांनी बैलाला पाठमोरा जुंपला होता. चाळीसपैकी एक उत्तर तरी या उलटापालटीत खरं उतरलं होतं. ‘चटकन रागावतो’ याच्यापुढे त्यांनी एक लिहिला होता.

बाईंनी दोनदा विचारलं, “अहो, बरं नाही का?” तर म्हणाले, “बरं आहे.” त्यांच्यापुढचा हिशेब अगदी साधा होता. ही गोष्ट जगात फक्त त्यांना माहीत होती. विद्यापीठाला वाटत होतं स्वभाव तसाच आहे, इमारतीला वाटत होतं विद्यापीठ चुकलं. नुसतं गप्प बसलं की झालं. आणि बोललं तर ज्या माणसांचे काटे, घड्याळं, जिने आणि शब्द आपण आयुष्यभर दुरुस्त केले, त्याच माणसांसमोर मान खाली घालायची.

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना हेडमास्तर सहज आले. शिंपी सहज आला. कारकूनबाईही सुट्टीच्या दिवशी, उलट्या दिशेच्या बसनं, सहज आली. मेव्हणा तर चक्क वेळेवर आला, यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात यावं. त्यानं येता येता सल्लाही दिला. “दाजी, दोन सदरे जमिनीवर टाका, मधूनमधून हसा. वीस वर्षं विद्यापीठाची माणसं तब्येत विचारायला येतील. फुकट.”

संशोधक मॅडम पस्तिशीच्या, गळ्यात पिशवी, हातात जाडजूड फाइल. त्या आत आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. चपलांच्या मांडणीवर प्रत्येकाच्या नावाची पट्टी होती. चाव्यांच्या खिळ्यांना नंबर होते. कपाटाच्या दारावर आतल्या वस्तूंची यादी आणि यादीखाली शेवटच्या तपासणीची तारीख, कालची.

“सर, हे घर नेहमी असंच असतं?” त्यांनी विचारलं.

“नाही हो,” मेव्हणा म्हणाला. “आज जरा पसारा आहे.”

मॅडम फाइल उघडून उभ्याउभ्याच पानं उलटू लागल्या. त्यांचा चेहरा पडला. “मग आमचंच चुकलं. तुमची तक्रार वाचली होती, पण मला खरी वाटली नव्हती. आकडे संगणकात भरायला आमच्याकडे एक मुलगी आहे, नवीन आहे, तात्पुरती. तिनं तुमच्या पाच अर्जांचे आकडे उलटे भरलेले दिसतात. फक्त घरच्या बाईंचा तेवढा सरळ भरलाय. माफ करा सर. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगते.”

“मी म्हणत नव्हतो?” हेडमास्तर म्हणाले. शिंप्यानं मान डोलावली. सगळे साहेबांकडे विजयी नजरेनं बघू लागले. साहेबांना हवं होतं ते सगळं आता त्यांच्यासमोर उभं होतं: विद्यापीठाची माफी, शेजाऱ्यांची साक्ष, आणि थोड्याच वेळात शिस्तशीर गटाचं पत्र. फक्त खुर्चीत बसून राहायचं होतं.

ते उठले.

“त्या मुलीनं बरोबर भरलंय,” ते म्हणाले. “चूक माझी आहे.”

साहेब कपाटाकडे गेले, तिसऱ्या कप्प्यातून लाल शाईचं पान काढलं आणि मॅडमच्या हातात दिलं. मग खात्यात अहवाल सादर करतात तसं, क्रमानं, काहीही न गाळता त्यांनी सगळं सांगितलं. दुसरा सात न वाचता खोडला, झेरॉक्स वाटल्या, नमुना काढला, चौघांना तो उतरवायला लावलं. “या चौघांचा यात दोष नाही. कारकूनबाई माझ्या हाताखाली आहेत, बाकीचे माझ्या भिडेखातर.” मधेच एकदा ते अडखळले, तेव्हा त्यांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मेव्हणा या वेळी हसला नाही. तो खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत होता, आणि चष्मा त्याला नव्हताच, तो हेडमास्तरांचा होता.

मॅडमनी पान दोनदा वाचलं. “मुलीचं काम राहील,” त्या म्हणाल्या. “सातचं छपाईतलं आम्ही सुधारू. पण सर, नियमाप्रमाणे अर्ज प्रत्येकानं स्वतंत्रपणे भरायचा असतो. तुमचे सगळेच अर्ज रद्द करावे लागतील. ना हा गट, ना तो.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले.

“पण मॅडम, आता पत्ते उघडलेच आहेत तर सांगूनच टाका,” मेव्हणा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. “दाजी किती जगतील?”

“एका माणसाचं असं सांगता येत नाही हो. आमचा सगळा अभ्यास हजारो माणसांच्या सरासरीचा. एकाच्या बाबतीत आम्हालाही काही कळत नाही.” मग त्या बाईंकडे वळल्या. “तुमचा अर्ज तेवढा नियमात भरलाय. तुम्ही नमुना नाही पाहिला?”

“नाही. तेहतीस वर्षं एका घरात राहिल्यावर नमुना कशाला लागतो?”

“आणि दुसरा सात? त्याच्यावर तर रेघ होती.”

“यांनी रेघ मारलेलं मी आधी वाचते,” निरीक्षकीणबाई म्हणाल्या. “कामाचं बरंचसं तिथंच असतं.”

मॅडमना हसू आलं. त्यांनी बाईंचा अर्ज पुढे धरला. “सगळीकडे चांगलंच लिहिलंत. वेळ पाळतो, एक. शब्द पाळतो, एक. आजारपणात काळजी घेतो, याच्यापुढे एक लिहून खाली दोन रेघा मारल्यात. फक्त सत्तावीस नंबरला पाच आहे.”

“काय आहे सत्तावीस?” हेडमास्तरांना राहवलं नाही.

मॅडमनी वाचलं. “‘स्वतःची चूक झाल्यास ती मान्य करतो.’”

बाईंचा चेहरा गोरामोरा झाला. त्या घाईघाईनं पुढे आल्या. “मॅडम, पेन द्या जरा. तेवढा आकडा बदलते.”

“पाकीट एकदा बंद झालं की आकडा बदलता येत नाही बाई. तसा नियम आहे.”

“रद्दच होणार आहे ना अर्ज, मग काय बिघडलं?”

“नियम बरोबर आहे,” साहेब म्हणाले. ते बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या स्वरात राग अजिबात नव्हता. “बदलायचा नाही. तू भरलास त्या दिवशी तो बरोबर होता.”

बाईंनी आपल्या भावाकडे, हेडमास्तरांकडे, शिंप्याकडे, कारकूनबाईकडे एकेक करून पाहिलं. तेहतीस वर्षांत या माणसाच्या पट्टीबद्दल आणि लाल शाईबद्दल त्यांनी लोकांचं पुष्कळ ऐकून घेतलं होतं, गालातल्या गालात हसणंही पाहिलं होतं. आज त्यांना नवऱ्याचा इतका अभिमान वाटत होता, की तो लपवावा असंही त्यांच्या मनात आलं नाही. त्यांनी अर्ज नीट घडी घालून मॅडमच्या हातात परत दिला.

“राहू दे तुमच्या फाइलीत पाच,” त्या म्हणाल्या. “घरात आजपासून एक.”